आवाज येत नाही म्हणजे चालू आहे

भर दुपारी सासूबाईंनी खिडकी उघडली आणि खालच्या कट्ट्यावर बसलेल्या टोळक्याला पोटातून आवाज काढून विचारलं, "घरं नाहीत का रे तुम्हाला?"

टोळक्यातल्या एकाने मान वर करून सांगितलं की घरं आहेत, पण घरचे बसू देत नाहीत. बाकीचे खिदळले. मग त्याने मोटारसायकलला किक मारली, ती जागच्या जागी दोनदा गुरगुरवली आणि बंद केली. खिडकीची काच थरथरली. आतल्या पलंगावर सून छताकडे बघत पडली होती. तिने डोळे मिटले, कारण सासूबाई आत येत होत्या आणि आपण जागे आहोत हे त्यांना कळलं तर त्या पुन्हा खिडकीशी जातील ही तिला भीती होती.

सून नर्स होती. चोवीस वर्षांची, अंगाने काडी, आणि गेले तीन महिने कायम रात्रपाळीला. सकाळी इस्पितळातून यायची, दोन घास खायची आणि संध्याकाळपर्यंत झोपायची. झोपायची म्हणजे पलंगावर जाऊन पडायची. मुलगा परगावी नोकरीला होता आणि फोनवरून "आई, दुर्लक्ष कर" असा सल्ला द्यायचा. परगावी बसून दुर्लक्ष करणं सोपं असतं, असं सासूबाईंनी त्याला ऐकवलं होतं.

सासूबाईंचं ऐकवणं साधं नसे. उभी हयात त्यांनी टेलिफोन खात्यात काढली होती, तीही तारा खराब असायच्या त्या काळात. पलीकडच्या गावातल्या माणसाला फोनशिवायही ऐकू जावं इतक्या आवाजात बोलायची सवय तेव्हा लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. गल्लीत त्यांना 'ट्रंककॉल' म्हणत. सुनेला झोप लागावी म्हणून त्या खालच्या पोरांवर ओरडत, आणि पोरांनी अर्धवट ठेवलेलं काम त्या ओरडण्याने पुरं होई. हे त्यांना सांगायची हिंमत सुनेत नव्हती, गल्लीत तर नव्हतीच.

पण त्यांचा राग खोटा नव्हता. आदल्या आठवड्यात वॉर्डात सुनेच्या हातून भलतंच काहीतरी होता होता राहिलं होतं. एका रुग्णाची सुई ती दुसऱ्याच्या दंडापर्यंत घेऊन गेली होती. शेजारच्या नर्सने हात धरला म्हणून निभावलं. मेट्रनने बोलावून सांगितलं, पुन्हा असं झालं तर वॉर्डातून काढेन. हे घरी सांगताना सुनेला नोकरीचं काही वाटत नव्हतं.

"आई, त्या बाईंना ती सुई टोचली गेली असती तर?" एवढंच ती म्हणत राहिली.

त्या रात्री ती कामावर गेल्यावर सासूबाई जेवल्या नाहीत. रात्रभर दुसऱ्यांच्या जिवाला जपणाऱ्या पोरीला दिवसा चार तास शांतता मिळू नये, आणि तेही कुणामुळे, तर ज्यांना दिवसभर बसण्यापलीकडे काही येत नाही अशा उंडग्यांमुळे, ह्या विचाराने त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी त्या चपला घालून निघाल्या.

नगरपालिकेत त्यांना सांगण्यात आलं की कट्टा नगरपालिकेचा आहे हे खरं, पण नगरपालिकेचा संबंध कट्ट्यापुरता. त्यावर जे बसतं ते पोलिसांकडे. पोलीस ठाणं समोरच, रस्ता ओलांडला की. तिथे फौजदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि बसणारी माणसं आपल्या अखत्यारीत येतात हे मान्यही केलं.

"पण आजी, ती बसलीयत कशावर? कट्ट्यावर. कट्टा नसता तर बसली असती का? मग मूळ कारण कोण, पोरं का कट्टा? तुम्ही कट्टा काढून घ्या. पोरं उभी राहिली की आमच्याकडे या."

सासूबाई रस्ता ओलांडून परत नगरपालिकेत गेल्या. तिथून पुन्हा ठाण्यात. अशा टोलवाटोलवीत उन्हं डोक्यावर आली, आणि मग त्यांचं लक्ष गेलं ते दोन्ही कचेऱ्यांच्या दारावर लटकणाऱ्या फलकाकडे. इकडे तोच आणि तिकडेही तोच. 'नगरपालिका आणि पोलीस: उपद्रवाविरुद्ध खांद्याला खांदा'. खाली एकमेकांत गुंफलेले दोन गुबगुबीत हात काढले होते. सासूबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि टेलिफोन खात्यातल्या आवाजात त्यांनी विचारलं की ह्यातला कुठला खांदा कुणाचा आहे त्याने बाहेर यावं.

नगरपालिकेतून उपद्रव विभागाचे साहेब बाहेर आले, ठाण्यातून फौजदार आले. मोहीम सुरू होऊन वर्ष झालं होतं आणि हे दोघे एकमेकांना पहिल्यांदाच बघत होते. ओळख सासूबाईंनीच करून दिली. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, बऱ्याच दिवसांपासून भेटायचं होतं म्हणाले, आणि गर्दी जमायला लागली तसं लवकरच काहीतरी करू असं दोघांनी एकसुरात सांगितलं.

आणि केलंही, हे कबूल करायला पाहिजे. पंधरवड्याच्या आत कट्ट्यासमोरच्या खांबावर एक करडी पेटी बसली. पेटी नगरपालिकेची, ती चालू ठेवण्याचा हुकूम पोलिसांचा. उद्घाटनाला साहेब आले, फौजदार आले, कट्ट्यावरची पोरंही होती, कारण ती तिथेच असत. साहेबांनी समजावून सांगितलं की ह्या पेटीतून एक बारीक, कर्कश शिट्टी सतत वाजत राहते, पण ती फक्त पंचविशीच्या आतल्या कानांना ऐकू येते. वय वाढलं की तो आवाज कानाला लागतच नाही. म्हणजे उपद्रवी तरुणांना तिथे बसवणार नाही आणि सज्जन नागरिकांना त्याचा पत्ताही लागणार नाही.

"म्हणजे मला ऐकू येणार नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"अजिबात नाही."

"आणि तुम्हाला?"

"मलाही नाही, फौजदार साहेबांनाही नाही."

"मग चालू आहे हे तुम्हाला कळणार कसं?"

साहेब हसले. हा प्रश्न त्यांना अपेक्षित असावा. "आवाज येत नाही म्हणजे चालू आहे," ते म्हणाले.

खटका दाबला गेला. साहेबांना काही ऐकू आलं नाही, फौजदारांना आलं नाही, जमलेल्या सज्जनांपैकी कुणालाच आलं नाही, आणि सगळ्यांनी समाधानाने टाळ्या वाजवल्या. कट्ट्यावरच्या पोरांची तोंडं मात्र लिंबू चावल्यासारखी झाली. मोटारसायकलवाला, ज्याने गाडीचा सायलेन्सर काढून फेकला म्हणून ज्याला सगळे सायलेन्सर म्हणत, तो कानात बोटं घालून शिव्या देत निघून गेला आणि त्याच्यामागे बाकीचे. सासूबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी साहेबांना आणि फौजदारांना घरी नेऊन चहा पाजला.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथूनच झाला. पंचविशीच्या आतले कान म्हटल्यावर साहेबांच्या डोळ्यांपुढे कट्ट्यावरची पोरं आली. फौजदारांच्याही तीच आली. तरुण म्हणजे उपद्रवी, एवढाच त्यांच्या खात्याचा तरुणांशी संबंध. पण सासूबाईंनाही आतल्या खोलीत चोवीस वर्षांचे दोन कान उशीवर टेकलेले आहेत हे सुचलं नाही. त्यांच्या लेखी सून ही सून होती. लग्न झालेली, पगार आणणारी, घर सांभाळणारी. ती तरुणही आहे हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, "आई, कानात काहीतरी वाजतंय."

"झोप नाही ना इतक्या दिवसांची, त्याने होतं. आता निवांत झोप. पोरं गेलीत."

सुनेने झोपायचा प्रयत्न केला. कानात कापूस घातला, उशी डोक्यावर घेतली, पलंग भिंतीच्या दुसऱ्या बाजूला ओढला. संध्याकाळी उठली तेव्हा तिचे डोळे आदल्या दिवसापेक्षा लाल होते. शिट्टी वाजते म्हणाली, सारखी वाजते, इस्पितळात गेलं की थांबते आणि घरात आलं की सुरू होते.  घरात आलं की वाजते म्हणजे घराचा ताण. आपलं काही चुकतंय का, ह्याचा सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा विचार केला आणि तो त्यांना फार जड गेला. दोन दिवस त्या सुनेशी इतक्या गोड बोलल्या की तिला आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय आणि तो आपल्यापासून लपवतायत असं वाटू लागलं.

मग त्या तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर साठीचे. त्यांनी दोन्ही कानांत नळी घालून बघितलं, कान उत्तम आहेत म्हणाले, उलट इतके चांगले कान हल्ली बघायला मिळत नाहीत. तरी खात्री करावी म्हणून ते घरीही येऊन गेले, कारण त्यांचा दवाखाना त्याच गल्लीत होता. पलंगाजवळ उभे राहून त्यांनी मन लावून ऐकलं. काहीही ऐकू आलं नाही. त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. रात्रपाळीच्या नर्सने गुंगीत वॉर्डात जायचं की काय, असं सुनेने विचारलं, तर विश्रांती घ्या म्हणाले.

इकडे पोरं परत आली. त्यांनी उपाय शोधून काढला होता. प्रत्येकाच्या कानावर आता वाटीएवढे हेडफोन होते आणि त्यात गाणी. कान बंद असल्यामुळे त्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, म्हणून ती ओरडून बोलू लागली. मोटारसायकल सुरू झाल्याचंही कळेना, म्हणून सायलेन्सर ती आणखी पिळू लागला. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात, पण इथे रोगही जागेवर होता आणि औषधही चालू होतं, आणि दोन्ही मिळून त्या एका पोरीच्या डोक्यावर बसले होते.

त्या आठवड्यात एका पहाटे सून वॉर्डात उभ्या उभ्या झोपली. हातातला औषधांचा ट्रे खाली पडला. मेट्रनने तिला कोपऱ्यात घेतलं आणि महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. घरी आल्यावर तिने चपला काढल्या, सासूबाईंसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मी उद्यापासून जात नाही. माझ्या हातून कुणीतरी मरेल."

 सासूबाईंनी तिला पलंगावर निजवलं, दार ओढून घेतलं आणि जिना उतरून सरळ कट्ट्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आज त्या एकेकाला झोडपून काढणार होत्या आणि मग काय व्हायचं ते होवो. त्यांनी पहिल्यांदा सायलेन्सरच्या कानावरचा हेडफोन ओढून काढला. त्याने विजेचा धक्का बसल्यासारखे दोन्ही हातांनी कान झाकले.

"आजी, द्या ना तो! ती शिट्टी डोक्यात जाते."

"जाऊ दे. त्यासाठीच लावलीय. तुम्ही उठत का नाही मग?"

"आम्ही कुठं जाऊ? पण तुमच्या वहिनी कशा राहतात त्या खोलीत? त्यांच्या तर खिडकीसमोरच आहे."

"तिचा काय संबंध?"

सायलेन्सरने त्यांच्याकडे बघितलं. "त्यांना ऐकू येतच असेल की. त्या काय म्हाताऱ्या आहेत का?"

सासूबाईंच्या हातातून हेडफोन खाली पडला. त्यांनी वर खिडकीकडे बघितलं, मग पेटीकडे, मग परत खिडकीकडे. आपण स्वतः चपला झिजवून, ओरडून, चहा पाजून आपल्या सुनेच्या उशाशी ही शिट्टी बसवून घेतली, हे त्यांच्या डोक्यात उतरायला थोडा वेळ लागला. उतरलं तेव्हा त्यांना स्वतःचा इतका संताप आला की तो एकटीने सोसणं अशक्य होतं, आणि त्यात वाटेकरी करायला दोन माणसं होती. त्या तशाच निघाल्या.

पेटी आमची आहे पण ती बंद करण्याचा हुकूम पोलिसांनी द्यायला हवा, असं साहेब म्हणाले. हुकूम देता येईल पण पेटीची तार नगरपालिकेच्या खांबावरून येते, तिला आम्ही हात लावू शकत नाही, असं फौजदार म्हणाले. ह्या वेळी सासूबाईंनी रस्ता एकदाच ओलांडला. फौजदारांना सोबत घेऊन त्या साहेबांच्या टेबलाशी आल्या आणि दोघांना घेऊन कट्ट्यावर आल्या. कसं आणलं हे विचारू नका. दोघांच्याही कपाळावर घाम होता.

खांबाखाली उभं राहून दोघांनी कान टवकारले.

"आवाज कुठे आहे?" साहेब म्हणाले.

"तुम्हाला येणार नाही हे तुम्हीच सांगितलंत!"

"मग तक्रार कशाची आहे?"

"माझ्या सुनेला येतो. तिची झोप गेलीय, नोकरी जायची वेळ आलीय."

"पण आजी, यंत्र फक्त उपद्रवींसाठी आहे," फौजदार समजावणीच्या सुरात म्हणाले. "तुमच्या सूनबाई उपद्रवी आहेत का?"

"नाही."

"मग त्यांना कसा त्रास होईल?"

सासूबाईंनी पोरांना पुढे केलं. आयुष्यात ज्यांच्याकडे त्यांनी चपलेशिवाय कशानेच इशारा केला नव्हता त्या पोरांना त्या साक्षीदार म्हणून पुढे करत होत्या. सायलेन्सरने शिट्टी कशी वाजते ते तोंडाने काढून दाखवलं. साहेबांनी ते कौतुकाने ऐकलं आणि फौजदारांना म्हणाले की बघा, उपद्रवी स्वतः कबूल करतायत, यंत्र किती प्रभावी आहे. फौजदार म्हणाले की त्रास होतो हे पोरांनीच सांगावं ह्यापेक्षा मोठं यश कुठलं. दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. जाता जाता साहेबांनी मायेने एक सल्ला दिला.

"सूनबाईंना थोडे दिवस माहेरी पाठवून द्या की. हवापालट होईल."

राग ही काय चीज आहे हे त्या क्षणापर्यंत आपल्याला माहीत नव्हतं, असं सासूबाईंना वाटलं. आतापर्यंतचं ते नुसतं ओरडणं होतं. जिने रात्रभर जागून ह्यांच्यासारख्यांची उशापायथ्याची सेवा करायची, तिने स्वतःच्या घरातून उठून जायचं, का तर खांबावरच्या पेटीला त्रास नको. त्या वर गेल्या, अवजारांच्या डब्यातून पक्कड काढली आणि स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून खाली आल्या.

सायलेन्सर स्टूल बघून उठला. "आजी, मी चढतो."

"तू हात लावू नकोस. तुझं नाव आधीच त्यांच्याकडे आहे. नुसतं स्टूल धर."

त्याने स्टूल धरलं. वरच्या खटक्याने आधी वीज बंद करा, मग तार कापा, एवढं त्याने दोनदा बजावलं. सासूबाईंनी खटका ओढला, पेटीमागची तार पकडीत धरली आणि दात आवळून दोन जागी तोडली. टोकं वेगवेगळी वाकवून ठेवली, म्हणजे पुन्हा कुणाला जोडायची झाली तर निदान चिडचिड तरी व्हावी. त्यांच्या कानाला फरक काहीच जाणवला नाही. पण खाली पोरांनी एकेक करून हेडफोन उतरवले, आणि कान मोकळे झालेल्या त्या पोरांचे चेहरे बघून त्यांना कळलं की काम झालं.

वर जाऊन त्यांनी दार किंचित उघडलं. सून एका कुशीवर होती. डोक्यावरची उशी जमिनीवर पडली होती आणि तोंड थोडं उघडं होतं. इतकी गाढ झोपलेली त्यांनी तिला लग्नानंतर कधी बघितली नव्हती. त्यांना रडू आलं, आणि त्याचाही राग आला.

आता साध्या माणसाने इथे थांबायचं. सुनेला झोप लागली, पोरांशिवाय कुणी बघितलं नाही, गप्प बसायचं. पण सासूबाईंना केलेलं लपवणं माहीत नव्हतं, आणि तार तुटली हे उघडकीला आलं की ते पोरांच्याच नावावर जाणार हेही त्यांना दिसत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण त्यांनी ऐकली होती, पण ज्याच्यावर आधीच चोराचा शिक्का आहे त्याला न केलेल्या चोरीची फाशी, हे त्यांना सोसणार नव्हतं. तासाभरात त्या तुटक्या तारेचा तुकडा घेऊन पोलीस ठाण्यात हजर झाल्या.

"तुमची पेटी मी मोडली. मला आत टाका."

फौजदारांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी नगरपालिकेत फोन केला. साहेब धावत रस्ता ओलांडून आले. संयुक्त मोहिमेच्या इतिहासात दोन्ही खाती इतक्या वेगाने एका गाडीत कधी बसली नव्हती. गाडी कट्ट्याशी आली, दोघे उतरले, खांबाखाली उभे राहिले. सासूबाईंनी तारेची लोंबणारी टोकं बोटाने दाखवली.

साहेबांनी टोकांकडे बघितलं. मग फौजदारांकडे बघितलं. पेटी बंद पडली म्हणावं, तर हाच नमुना बघायला वरचे साहेब पुढच्या आठवड्यात येणार होते. सार्वजनिक मालमत्ता मोडली म्हणावं, तर ती फौजदारांच्याच हद्दीत, त्यांच्या नाकाखाली, भरदिवसा, एका साठीच्या बाईने मोडली होती. आणि इतके दिवस फलकावर नुसता रंगवलेला खांद्याला खांदा तिथे, त्या खांबाखाली, खरोखर लागला.

"ही तार जुन्या दिव्याची," साहेब म्हणाले. "आमची नव्हे."

"दिव्याचीच," फौजदार म्हणाले.

"मी माझ्या हाताने कापलीय. पेटी बंद आहे!"

"आजी, तुम्हाला आवाज येतोय का?" साहेबांनी मायेने विचारलं.

"नाही."

"मलाही नाही. फौजदार साहेब?"

"नाही बुवा."

"मग चालू आहे."

तेवढ्यात कट्ट्यावरून सायलेन्सर उठला. त्याने दोन्ही हातांनी कान दाबले, चेहरा वेडावाकडा केला, असह्य होतंय साहेब, असं विव्हळला आणि मोटारसायकल सुरू न करता हाताने ढकलत कोपऱ्यापलीकडे नेली. बाकीची पोरं त्याच्यामागे चवड्यांवर चालत गेली. कट्टा रिकामा झाला. साहेबांनी समाधानाने हात जोडले.

 खोटं सोसेल, पण आपला गुन्हा आपल्याच तोंडावर नाकारला जाणं सासूबाईंना सोसवत नव्हतं. खऱ्याला खरं म्हणायला ह्या माणसांना काय झालंय, ह्यांना पगार कशाचा मिळतो, ह्यांच्या घरी लेकीसुना आहेत की नाहीत, हे सगळं एका दमात विचारायला त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. तो आवाज निघाला असता तर पलीकडच्या चौकापर्यंत गेला असता.

त्यांची नजर वर गेली. खिडकीचा पडदा ओढलेला होता आणि मागे काहीही हलत नव्हतं.

सासूबाईंनी तोंड मिटलं. तो सगळा श्वास त्यांना नाकाने सोडावा लागला आणि त्याला बराच वेळ लागला. डोळ्यांत पाणी आलं, मान लाल झाली, हातातली तार पिळून पिळून गाठ झाली. फौजदारांनी ते बघितलं आणि जवळ येऊन हळूच म्हणाले की समाधान झालं ना आजी, आम्हाला तुमच्या चेहऱ्यावरून कळलंच. साहेबांनी मान डोलावली. तक्रारदार समाधानी, असं ते जाता जाता एकमेकांना सांगत होते.

संध्याकाळी सून उठली. तिचे गाल उशीच्या सुरकुत्यांनी भरले होते आणि किती वाजले ते तिला कळत नव्हतं. तिने तोंड धुतलं, केस बांधले, स्वयंपाकघरात येऊन चहाचा कप हातात घेतला आणि दाराशी टेकून उभी राहिली.

"आई, आज खाली कुणी आलं नव्हतं का? तुमचा आवाज आला नाही."

सासूबाई ओट्याकडे तोंड करून भांडी घासत होत्या. एकच पातेलं त्या केव्हापासून घासत होत्या.

"नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कुणी नाही आलं."